पंधरा दिवसांच्या बोलीवर

बार्टली गिलहूलीने आयुष्यात पाचशे सत्तरच्या आसपास धार्मिक पुस्तकं वाचली, आणि त्यातलं पहिलं पुस्तक तरी त्याने देवासाठी वाचलेलं नव्हतं. पुढच्यांबद्दल मी शपथ घेणार नाही. माणूस पाणी भरणारीला बघायला विहिरीवर जात असला, तरी इतक्या वर्षांत कधीतरी घोटभर पाणी पितोच.

तो जिल्हा ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी चालवायचा. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी सकाळी अकराला ती हिरवी गाडी धापा टाकत आमच्या डोंगरावर यायची आणि ड्रमकीलच्या चौफुल्यावर, माझ्या दुकानासमोर उभी राहायची. चौफुल्यावर तेव्हा तीन गोष्टी होत्या. माझं दुकान, पाण्याचा पंप आणि मिसेस कॉनबॉय. दुकान संध्याकाळी बंद व्हायचं, पंप हिवाळ्यात गोठायचा, मिसेस कॉनबॉय मात्र बारा महिने चालू असायची.

बार्टली उंच होता, वाळका होता, आणि त्याचे कान बघून वाटायचं की देवाने आधी कान केले आणि उरलेल्या मातीत बार्टली बसवला. स्वभावाने इतका लाजरा की चहा कसा हवा विचारलं तरी लाल व्हायचा. पण चालकाच्या सीटखाली त्याचा खासगी खजिना असे. विनोदी कादंबऱ्या, आपल्या आयरिश लोकांनी लिहिलेल्या. त्यांत नेहमी एक मेलेला माणूस असतो, एक पाद्री असतो आणि एक गाढव असतं, आणि तिघांत शहाणं कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. त्या वाचताना बार्टली आवाज न करता हसायचा. नुसते खांदे हलायचे आणि कान लाल व्हायचे. वाचून झाली की हळूच माझ्या हातात सरकवायचा. "पॅकी, एकशे बारावं पान घोडाबिडा हाकताना वाचू नकोस."

आता डेलिया शॅनली. चौफुल्यापासून वर जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. ती आणि तिची म्हातारी आई. चौसष्ट साली गाडी पहिल्यांदा आली तेव्हा डेलिया छत्तीसची होती, बार्टली एकोणचाळीसचा, आणि दोघंही अविवाहित. यात नवल काही नाही. आमच्या डोंगरावर माणसं लग्नाचा विचार आई वारल्यावर करतात, आणि आमच्या आया फार दीर्घायुषी.

त्या पहिल्या दिवशी डेलिया आईला हाताला धरून गाडीत चढली. मी दारातच उभा होतो. म्हातारी म्हणजे चालतीबोलती जपमाळ. डेलियाने विनोदी कादंबऱ्यांच्या कप्प्याकडे हात नेला, की नुसताच हात वर केला, हे मला तेव्हा दिसलं नाही. बार्टलीला दिसली ती म्हातारीची नजर. या मुलीच्या आईपुढे आपण सभ्य दिसलं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. त्याने कपाटातलं सगळ्यात जाड, सगळ्यात काळं पुस्तक काढून डेलियाच्या हातात दिलं. मौनात देव कसा भेटतो, यावर एका साधूने चारशे पानं बोलून ठेवलं होतं.

"हे आपल्याला आवडेल, मिस शॅनली."

आई बघत होती. डेलिया म्हणाली, "अगदी असंच हवं होतं, मिस्टर गिलहूली."

या एका वाक्याने बावीस वर्षं खाल्ली.

पंधरा दिवसांनी तिने पुस्तक परत केलं. बार्टलीने दरम्यान दुसरी प्रत मिळवून ते वाचून काढलं होतं. तिच्याशी बोलायला काहीतरी हवं ना.

"कसं वाटलं, मिस शॅनली?"

"खोल होतं, मिस्टर गिलहूली."

"तिसरं प्रकरण विशेष."

"हो. तिसरं तर फारच खोल."

मग पुढचं पुस्तक. ते तिला देण्याआधी बार्टली स्वतः वाचायचा. ऊन असलं की गाडीच्या पायरीवर बसून वाचायचा, आणि गल्लीतून उतरताना डेलियाला तो लांबूनच दिसायचा. गुडघ्यावर संतचरित्र, चेहरा गंभीर. पाद्री व्हायचा राहून गेलेला हा एक थोर आत्मा आहे, असं तिच्या मनाने घेतलं. त्याच्या मनाने घेतलं की ही बाई अर्धी जोगीण आहे. असे दोन थोर आत्मे एकमेकांसमोर उभे राहून 'खोल' म्हणायचे. बावीस वर्षं तो शब्द ऐकून ऐकून मला पंपाकडे बघवेना.

तिसऱ्या वर्षी ग्रंथालयातलं धार्मिक कपाट संपलं. मग बार्टली गावातल्या मठात जाऊन सिस्टरांकडून पुस्तकं मागून आणायला लागला. सिस्टर त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागल्या. जिल्ह्यातल्या बाकीच्या थांब्यांवर वर्षाकाठी धार्मिक पुस्तकं जायची दोन नाहीतर तीन. ड्रमकीलला जायची सव्वीस. ही बातमी कशी कोण जाणे, बिशपांपर्यंत गेली, आणि त्यांनी प्रवचनात आमच्या डोंगराचं नाव घेऊन स्तुती केली. इथून पाद्री निपजतील म्हणून ते बरीच वर्षं वाट बघत होते. त्या सबंध काळात आमच्याकडून दोन पोलीस निपजले.

बार्टलीचा जीव अडकला होता तो त्या शिक्क्यात. पुस्तक दिलं की आत चिकटवलेल्या कागदावर परत करायची तारीख उमटवायची असते. बाकीच्यांच्या पुस्तकावर तो शिक्का फटकन बसायचा. डेलियाच्या पुस्तकावर मात्र आधी तो शिक्क्यावर फुंकर घालायचा, मग शाई नीट लावायचा, मग बाळाला पाळण्यात ठेवावं तसा तो कागदावर टेकवायचा. ती तारीख म्हणजे ती पुन्हा कधी दिसणार तो दिवस. इतरांना प्रेमपत्रं लिहावी लागतात. बार्टली सरकारी शाईत ठसे उमटवायचा.

"अरे, बोल की तिच्याशी," मी म्हणायचो.

"बोलतो की."

"देवाबद्दल बोलतोस."

"मग तिच्याशी आणखी कशाबद्दल बोलणार, पॅकी? तशी बाई आहे ती. मी सीटखाली काय ठेवतो हे तिला कळलं तर पुन्हा गाडीत पाऊल टाकणार नाही."

एका हिवाळ्यात बर्फाने रस्ता बुजला. गाडी येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी अकराला डेलिया गल्लीतून उतरली, काखेत पुस्तक. "उगाच मुदत उलटायला नको," म्हणाली. आत ये म्हटलं तर येईना. पंपाजवळ तासभर उभी राहिली आणि गेली. तीन वाजता दार ढकलून बार्टली आत आला. गाडी खाली पुलाशी रुतली होती, तो चार मैल चालत आला होता. कोटाच्या आत छातीशी एका संतिणीचं चरित्र. दुकानातल्या शेगडीजवळ बसून तो निथळत राहिला.

"आल्या होत्या का?"

"तासभर उभी होती."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. तो उठून बाहेर गेला. पंपाजवळ बर्फात तिच्या बुटांचे ठसे होते, एकाच जागी पाय बदलून बदलून दाबले गेलेले. बार्टली त्या ठशांकडे बघत इतका वेळ उभा राहिला की मिसेस कॉनबॉयने खिडकीतून मला विचारलं, "त्याचं काही हरवलंय का रे?"

"हो," मी म्हटलं.

एकोणऐंशी साली म्हातारी शॅनली वारली. मला वाटलं, आता तरी. पण ना त्याने काही विचारलं, ना तिने काही वेगळं पुस्तक मागितलं. आणि शहाऐंशीच्या मार्चमध्ये बार्टली दुकानात येऊन म्हणाला, "जूनमध्ये गाडी बंद होतेय. मीही निवृत्त."

"किती गुरुवार उरले?"

"सात," तो म्हणाला. विचार न करता म्हणाला, म्हणजे त्याने आधीच मोजले होते.

तो राहायचा तीस मैलांवर, एका विधवेकडे भाड्याच्या खोलीत. स्वतःची गाडी नाही. पुस्तकांची गाडी थांबली की आमच्या डोंगरावर यायला त्याला काही कारणच उरत नव्हतं, आणि कारणाशिवाय कुठे जाणाऱ्यांतला तो नव्हता.

त्या एप्रिलमध्ये घरोघरच्या मिस्साचा, म्हणजे प्रार्थनाविधीचा, मान डेलियाकडे आला. आमच्याकडे वर्षातून दोनदा फादर वस्तीतल्या एका घरी येऊन मिस्सा करतात. स्वयंपाकघरातलं टेबल हीच वेदी. सगळे शेजारी जमतात, आधी पापं सांगतात, नंतर अंडी खातात. तुमचा नंबर सात-आठ वर्षांनी एकदा लागतो, आणि लागला की घरातली बाई वेडी होते. भिंती रंगवल्या जातात, गाईला घासतात, कोंबड्यांना दटावतात. आणि घरातलं जे जे फादरना दिसू नये असं असेल ते ते गोठ्यात जाऊन पडतं. ड्रमकीलमध्ये एखाद्या घराचं खरं अंतरंग बघायचं असेल तर मिस्साच्या दिवशी गोठ्यात जावं. पण तशी रीत नाही. सगळ्यांचेच गोठे भरलेले असतात.

तो गुरुवार होता, म्हणून डेलियाने बार्टलीलाही बोलावलं. "तुमच्यासारखा माणूस असला की बरं वाटेल," म्हणाली. तो निळा सूट घालून पहाटेच निघाला, आणि आठला हजर झाला.

घर माणसांनी भरलं होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता, मिसेस कॉनबॉयच्या कोटाला मागून पांढरा पट्टा लागलेला होता आणि तिला ते कुणीच सांगत नव्हतं. बसायला जागा कमी पडली तशी तीच म्हणाली, "ए पॅकी, गोठ्यात बाक असेल बघ. या मिस्टर गिलहूलींना घेऊन जा, नुसते उभे आहेत मेणबत्तीसारखे."

गोठ्यात बाकावर चहाचं एक मोठं खोकं होतं, त्यावर चादर, आणि चादरीवर एक लाल कोंबडी. मी कोंबडी उचलली. बार्टलीने खोकं उतरवायला चादर ओढली.

खोकं पुस्तकांनी काठोकाठ भरलेलं होतं. मेलेले मामा, पळून गेलेली गाढवं, दारू प्यालेले पाद्री. बार्टलीच्या सीटखालची जवळजवळ सगळीच, आणि त्याने ज्यांचं नुसतं नावच ऐकलं होतं अशी पाच-सहा. प्रत्येकावर आत लिहिलेलं, 'लाडक्या डेलियास, ऊनाकडून'. ऊना तिची बहीण, लीड्सला असते. आईसाठी लोकरीचे गंजीफ्रॉक पाठवायची, त्यांत गुंडाळून येत असणार.

बार्टलीने एक उघडलं. कडेला पेन्सिलीने बारीक बरोबरच्या खुणा होत्या. जिथे हसायला येतं नेमकं तिथे. काही ठिकाणी खुणेच्या पुढे लिहिलं होतं, 'दोनदा'.

तो उलट्या बादलीवर बसला. पुस्तक हातात, कान पांढरेफटक. पानं उलटत म्हणाला, "एकशे बाराव्या पानावर तीनदा लिहिलंय, पॅकी."

"चल, मिस्सा सुरू होईल."

"तू हो पुढे बाक घेऊन."

मी बाक नेला. मिस्सा झाला, बार्टली आला नाही. अंडी वाढली, तरी नाही. फादर मकगर्टींनी विचारलं, "तो ग्रंथालयवाला कुठे गेला?" तेवढ्यात तो दारात आला. केसांत गवत, डोळे लाल, गुडघ्यांना शेण.

मिसेस कॉनबॉय मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ, गोठ्यात जाऊन गुडघ्यांवर प्रार्थना करत होता. आपण बसलो इथे अंडी फोडत."

फादर म्हणाले, "प्रभूही गोठ्यातच जन्मला."

आणि डेलियाने बार्टलीकडे अशा आदराने पाहिलं, की मला माझा चहा खाली ठेवावा लागला.

परत जाताना त्याचा कोट एका बाजूने फुगलेला होता. खोक्यातलं एक पुस्तक त्याने उचललं होतं. बावीस वर्षं पुस्तकं परत आणा म्हणून सांगणारा माणूस चोर झाला.

मला वाटलं, आता पुढच्या गुरुवारी बोलेल. बोलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तीच 'खोल' पुस्तकं द्यायचा, तोच शिक्का उमटवायचा.

"अरे कसली वाट बघतोस?" मी विचारलं.

"बावीस वर्षं मी तिला ती नको असलेली पुस्तकं दिली, पॅकी. काय तोंडाने सांगू? आणि तिने ती घेतली. माझं मन राखायला घेतली. असं कोण करतं कुणासाठी?"

"तू केलंस की."

त्याने याचा विचार कधी केलाच नव्हता.

जूनचा शेवटचा गुरुवार. वारा सुटला होता. डेलिया नेहमीच्या निळ्या रुमालात उतरली, गाडीत चढली, आणि वाऱ्याने दार तिच्यामागे धाडकन मिटलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिसेस कॉनबॉय काडेपेटी घ्यायला आली होती, ती खिडकीशीच थांबली.

"पॅकी, गाडी हलतेय."

"वारा आहे."

"वाऱ्याने अशी हलत नाही."

खरंच गाडी हलत होती. थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. स्प्रिंगा करकरत होत्या. आतून एक बारीक किंचाळी आली. मिसेस कॉनबॉयने छातीवर क्रूस केला, पण खिडकी सोडली नाही. "साठीची माणसं," ती म्हणाली, "आणि चौफेर संतांची पुस्तकं. फादरना बोलवू का?"

अर्ध्या तासाने दार उघडलं. डेलिया पायरीला धरून उतरली. रुमाल मानेवर घसरलेला, चेहरा रडून रडून भिजलेला, आणि कुशीत हात दाबून धरलेला. "पॅकी, पाणी दे रे," एवढंच तिला म्हणता आलं, आणि ती पुन्हा हसत सुटली.

आत काय झालं ते बार्टलीने मला नंतर सांगितलं. त्याने तिचं चोरलेलं पुस्तक संतचरित्राच्या वेष्टनात घालून तिच्यापुढे ठेवलं. तिने उघडलं. तिच्या प्रत्येक खुणेशेजारी त्याची खूण होती. एकशे बाराव्या पानावर तिच्या 'तीनदा'खाली त्याने लिहिलं होतं, 'चारदा, तुमच्या गोठ्यात, मिस्सा चालू असताना'. ती आधी लाल झाली. मग तिने ते पान मोठ्याने वाचायला घेतलं, आणि दोघांनाही ते शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

"आणि ती सगळी धार्मिक पुस्तकं?" त्याने शेवटी विचारलं होतं. "फुकट गेली ना तुमची?"

"नाही हो," ती म्हणाली होती. "आई गेली त्या हिवाळ्यात दुसरं काही वाचवतच नव्हतं. ते मौनातलं चारशे पानांचं पुन्हा घेऊन गेले होते, आठवतं? खरंच खोल आहे ते."

"तिसरं प्रकरण विशेष," बार्टली म्हणाला, आणि या वेळी दोघांनीही ते मनापासून म्हटलं.

मग त्याने शिक्का काढला. पुढे गाडी नव्हती, थांबा नव्हता. तरी त्याने तिच्याच पुस्तकावर, फुंकर घालून, पंधरा दिवसांनंतरची तारीख उमटवली. त्या तारखेला तो दर गुरुवारी आमच्या डोंगरावर येणाऱ्या एकुलत्या बसने, पिशवीत दोन पुस्तकं घेऊन चौफुल्यावर उतरला. डेलिया पंपाजवळ उभी होती.

तेव्हापासून दोन वर्षं तसंच चाललं. अकराला बस यायची, साडेतीनला परत जायची. मधल्या वेळात ते माझ्या शेगडीशी बसायचे, एक विनोदी आणि एक खोल असं वाटून घ्यायचे, सोडा घातलेला पाव खायचे, भांडायचे. तो अजून मिस्टर गिलहूली, ती अजून मिस शॅनली. साडेतीनला बस वळणावर दिसेनाशी झाली तरी ती पंपाजवळ उभीच असायची.

बस दर गुरुवारी येते. तो मात्र एक गुरुवार सोडूनच यायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची असते, पॅकी. त्याआधी मागायला जाणं बरं दिसत नाही."

आणि मधल्या गुरुवारी काय व्हायचं ते मी बघत होतो. पावणेअकराला डेलिया दुकानात यायची, एक काडेपेटी घ्यायची, दारात उभी राहायची. बस यायची, कुणी उतरायचं नाही, बस जायची. मग ती म्हणायची, "बरंय, पॅकी." घरी तिच्याकडे विजेची चूल आहे, आणि बहुधा पन्नास काडेपेट्या.

दोन वर्षं मी तोंड मिटून राहिलो. दुसऱ्याच्या मनातलं बोलू नये असं माझ्या बापाने शिकवलं होतं. पण माझा बाप ही दोन माणसं न बघताच वारला. मागच्या गुरुवारी, बस हॉर्न वाजवत असताना, मी बार्टलीची बाही धरली आणि काडेपेट्यांचं सांगून टाकलं. तो बसमध्ये बसला, आणि काचेतून पंपाकडे बघत गेला.

काल मधला गुरुवार. डेलिया आली. काडेपेटी घेतली. दारात उभी राहिली. अकरा वाजले, बस आली. दार उघडलं, आणि आधी कान दिसले.

तो उतरला. पिशवी नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. डेलिया जागची हलली नाही.

"आज तारीख नाही," ती म्हणाली. "पुस्तक आणलंत?"

"नाही," बार्टली म्हणाला. "आज नुसताच आलो."

डेलियाने माझ्याकडे न बघताच हात मागे केला आणि काडेपेटी काउंटरवर परत ठेवली.